पंखावरून हात फिरवणारे गफूरचाचा

नवरदेव घोड्यावर बसलाय, बँड सुरू झालाय, आणि एक माणूस आडवा येऊन घोड्याच्या पोटाखालून निवांत हात फिरवतोय. तुम्ही तिथं असतात तर त्याला वेडा म्हणाला असतात की नाही? खरं सांगा.

आमचं बेलापूर गाव म्हणालं. नवरदेवाचा मामा तर अंगावर धावून आला. गफूरचाचा हलले नाहीत. "मामा, उशिरा आलेला नवरदेव चालतो. तोंडावर आपटलेला न्हाई चालत." आणि खोगिराचा पट्टा खरंच सैल निघाला! मामा स्वतःच पट्टा आवळायला वाकला. बँडवाले मात्र हसून हसून बेसूर झाले.

चाचांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची मुलगी नसीम माझ्या वर्गातली. डिप्लोमा करून ती कॅनडाला गेली आणि तिथल्या विमानतळावर विमानांवरचा बर्फ धुवायच्या कामाला लागली. गाडीवरच्या उंच पाळण्यात उभं राहायचं आणि पंखांवर गरम औषध मारायचं. "विमानाची फवारणी!" चाचांनी गावभर सांगितलं. "बापाचाच धंदा, फक्त पीक मोठं!"

तेव्हापासून बेचाळीस डिग्रीच्या उन्हात आमच्या गावाला बर्फाचं शिक्षण मिळतंय. आधी केशरी औषध, ते बर्फ काढतं. मग हिरवं, ते नवा बर्फ धरू देत नाही. शेवटी पंखावरून हात फिरवायचा, कारण काचेसारखा बर्फ डोळ्याला दिसत नाही. दूधवाला किटल्या लावून निघाला, की दुकानातून हाक येते, "हात फिरवला का?" दूधवाला ओरडतो, "कशावर, चाचा?" "कशावर बी! पण फिरव!"

एकदा कुणीतरी विचारलं, एवढ्याशा बर्फानं एवढं धूड कसं पडेल? चाचांनी माझ्या पिशवीतून, मी गावभर वाटत फिरते ते पाणीप्रश्नाचं पत्रक ओढलं, त्याचं विमान केलं आणि सोडलं. ते रस्ता ओलांडून थेट बँकेच्या पायरीवर उतरलं. माझं एकही पत्रक त्याआधी इतकं लांब गेलं नव्हतं. मग दुसरं पत्रक. या वेळी गोळेवाल्याकडचा चिमूटभर बर्फ पंखांवर. विमानानं तिथंच गिरकी घेतली आणि चहावाल्याच्या साखरेच्या डब्यात नाक खुपसलं.

"बघा! पंख पॉलिश पेपरवानी खरबरीत झाला, की हवा त्याला उचलत न्हाई."

"आणि माझी साखर?" चहावाला.

"सगळे प्रवासी सुखरूप हायेत," चाचा म्हणाले.

औषधाला मुदत असते, हेही आम्ही शिकलो. फवारा मारला की घड्याळ सुरू. ठरल्या मिनिटांत विमान उडालं नाही, तर परत फवारा. चहा जरा निवला, की चाचा कप परत पाठवतात. "वेळ गेली! परत उकळ!" निवडणुकीच्या सभेत एक पुढारी जुनीच आश्वासनं देत होता. चाचा मधेच उभे राहिले. "सायेब, हा मागच्या विलेक्शनचा फवारा हाय. मुदत संपली. परत मारा, न्हाईतर उडू नका!" मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग जानेवारीत एका दुपारी दुकानात गेले, तर चाचा मोबाईल नाकाशी धरून बसलेले. नसीम शेवटची घरी आली, त्याला तीन वर्षं झाली. हिवाळा हाच तिच्या कामाचा हंगाम. कामावर फोन बंद, त्यामुळं तिला काम करताना त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. म्हणून ते त्या विमानतळावर अनोळखी प्रवाशांनी खिडकीतून काढलेले व्हिडिओ एकेक करून बघतात.

"तोंड झाकलेलं असतंय सगळ्यांचं," ते म्हणाले. "पण ही बघ. कोपर बरगडीला चिकटवलंय का न्हाई? मीच शिकवलंय तिला. हात दुखत न्हाई तसं."

व्हिडिओत विमानाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. पाळण्यातली ती व्यक्ती धुतलेल्या पंखाकडं वाकून बघत होती. मग तिनं मान हलवली आणि परत फवारा सुरू केला. मोबाईल धरणारा प्रवासी इंग्रजीत काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय गं तो?"

तो म्हणत होता, या मूर्खाला हाकला, याच्यामुळं दीड तास गेला. दोनशे माणसांचा जीव जिच्या कोपरावर तोललाय, तिला!

मी आयुष्यभर पत्रकांतून खोट्यावर तुटून पडले आहे. मी म्हणाले, "चाचा, तो म्हणतोय, ही पोरगी काम लई मन लावून करते."

"म्हनलं न्हाई का?" चाचांनी मोबाईलची काच बाहीनं पुसली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

तेव्हा एवढंच करा. तुम्ही किंवा तुमचं कुणी बर्फाच्या देशात विमानात अडकलं, तर चिडू नका. खिडकीतून त्या पाळण्यातल्या माणसाचा मिनिटभर व्हिडिओ काढा आणि सगळ्यांना दिसेल असा टाका. चेहरा नसला तरी चालेल, कोपर येऊ द्या. आणि दोन चांगले शब्द मोठ्यानं बोला. मराठीत बोला, म्हणजे मला मधे पडून खोटं सांगावं लागणार नाही.