चुरीमास्तरांची भुशाची साखर

चुरीमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या बाकाला जीभ लावून उभे होते.

मी साताऱ्याकडून चित्रकलेचा शिक्षक म्हणून पालघरला नुकताच आलो होतो. व्हरांड्यात एक पाऊसभर भिजून कुजलेला बाक पडला होता आणि पन्नाशीचे, बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ त्यावर वाकले होते. "अंहं. अजून नाही," असं पुटपुटत त्यांनी रुमालानं आधी बाक पुसला, मग जीभ पुसली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार. मी चुरी. शास्त्र शिकवतो."

दुर्दैव म्हणा की योग, मला बिऱ्हाड मिळालं ते त्यांच्याच शेजारी. मधे एक कुडाची भिंत. ती अडवू शकत नव्हती अशी गोष्ट एकच, मास्तरांच्या घरचा वास. ओलं गोणपाट, आंबलेला भात आणि जुन्या देवळातला गाभारा एकत्र केला तर जे होईल ते.

"लाकूड म्हणजे रुसलेली साखर, शिंदे," ते मला म्हणायचे. म्हणणं असं की लाकूड, गवत, कापूस या सगळ्यांच्या पोटी साखरच असते, पण साखरेच्या कणांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरलेले असतात की आपल्या जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. जहाल आम्लात शिजवलं तर ते हात सुटतात. पण मास्तरांना ते मान्य नव्हतं. "ती मारहाण झाली. समजूत काढायला हवी. वाळवी काढते, बुरशी काढते. आपल्यालाच का जमू नये?" वर्गातही त्यांनी कधी छडी उचलली नाही. त्यामुळे त्यांच्या तासाला जो गोंधळ चालायचा तो स्टेशनापर्यंत ऐकू जाई, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा साखर रेशनवर होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं आणि बोईसरला उतरणाऱ्या नव्या माणसांची गावात रोज चर्चा असे. तिकडे अणू फोडत होते आणि आमचे मास्तर इकडे बुरशीची मनधरणी करत होते. बुरशी मिळवायला ते कुठंही जात. एका रविवारी मलाही जवळच्याच दांडी नावाच्या कोळीवाड्याला घेऊन गेले. किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जुनं शीड पसरून बसला होता. मास्तरांनी त्याला हात लावला तर बोट आरपार गेलं. त्यांचा चेहरा उजळला.

"हे दे मला."

"ते कुजलंय, मास्तर," कोळी म्हणाला. "आमी तुमाला चांगला देतो ना."

"चांगला नको. याहून कुजका हाय का?"

म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी कोन हाय का यांना बघायला?"

घरी कोणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भावंडं गुजरातेत कुठंतरी. पण हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हतं; मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या शिडावरची काळपट हिरवी बुरशी मात्र जातिवंत निघाली. पंधरवड्यात तिनं मास्तरांच्या सदऱ्याची एक बाही खाल्ली, आणि मास्तर ती बाही सगळ्या शिक्षकांना दाखवत हिंडले. आधीच्या प्रयोगांत साखर का मिळत नव्हती ते त्यांच्या आता ध्यानात आलं. बुरशी साखर करायची आणि स्वतःच खायची. मांजराला दुधाची राखण! मग त्यांनी बुरशी फडक्यातून गाळून टाकली आणि तिचं नुसतं पाणी ठेवलं. भुसा बारीक दळला, धुण्याच्या सोड्यात उकळून धुऊन घेतला आणि त्या पाण्यात भिजत घातला. ऊब हवी म्हणून बरणीला स्वतःचं कांबळं गुंडाळलं. डिसेंबरात स्वतः कुडकुडत झोपले.

साखर ओळखायचं एक निळं द्रावण असतं. साखर घालून तापवलं की ते विटकरी होतं. मास्तरांचं द्रावण कैक वर्षं निळंच राहिलं होतं. त्या आठवड्यात ते विटकरी झालं. मास्तर नळी घेऊन माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, "शिंदे, हा रंग कोणता?" मी म्हटलं, "विटकरी." "चित्रकलेचा माणूस म्हणतोय म्हणजे विटकरीच," म्हणाले, आणि गेले. मी पोरांना फुलदाणी शिकवत राहिलो.

पुढची पायरी त्या साखरेचं स्पिरिट करण्याची होती. "उद्या मोटारी यावर चालतील," मास्तर म्हणत. नीरा केंद्रातल्या मडक्याचा आंबलेला गाळ त्यांनी मागून आणला, त्या गोड पाण्यात घातला, आणि प्रयोगशाळेत ते पाणी उकळून त्याची वाफ थंड केली. चार चमचे स्पिरिट निघालं. त्यावर दिवा पेटला, निळ्या ज्योतीनं. आणि वास सुटला.

महाराष्ट्रात दारूबंदी होती. कोणीतरी कळवलं. दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन शाळेत हजर.

"दारू? माझ्या शाळेत?" हेडमास्तर भिंत धरून उभे राहिले.

फौजदारांनी रिकाम्या बाटलीचा वास घेतला. "मास्तर, हे कशापासून काढलंत? गुळापासून? मोहापासून?"

"नववी ब-च्या बाकापासून," मास्तर म्हणाले.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "आपण ठाण्यातच चला."

मी सोबत गेलो. नोकरी जाणार, कदाचित कैदही होणार, असं मला दिसत होतं. तिथं फौजदारांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "सांगा, कसं केलं?"

मास्तरांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. एखाद्याला सत्काराला बोलवावं तसा झाला होता तो. त्यांनी फळ्यावरचा हजेरीचा तक्ता परवानगी न घेता पुसला आणि सुरुवात केली. अडीच तास! एक शिपाई झोपला. जबाबाचे चौदा कागद झाले. मधे फौजदारांनी वैतागून विचारलं, "पण हे हवंय कोणाला?" तेव्हा मास्तर थांबले. "श्रावणात आमच्या वरच्या पाड्यांवर लोक कडू कंद उकडून खातात, साहेब. भोवती एवढं रान उभं असतं. सगळी साखर. आणि माणूस त्यात उपाशी. मला ते बघवत नाही."

फौजदार शेतकऱ्याघरचे होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "एक सांगा मास्तर. लाकडाची साखर होते, साखरेची दारू. मग एवढं लाकूड खाऊन वाळवीला दारू का चढत नाही?"

"वा!" मास्तर ओरडले. शिपाई जागा झाला. "उत्तर मला ठाऊक नाही. पण वा!"

गुन्हा नोंदवला गेला नाही. चार चमचे, तेही जाळून टाकलेले. हेडमास्तरांनी मात्र सगळ्या बरण्या ओतायला लावल्या. मास्तरांनी स्वतः ओतल्या. मी सांत्वनाचं काही बोलू लागलो तर म्हणाले, "असू द्या, दांडीत शिडं अजून कुजतायत," आणि परतताना चक्क गुणगुणत होते. "शिंदे, फौजदारांनी अकरा प्रश्न विचारले. अकरा! आपल्या शाळेत इतक्या वर्षांत..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

पुढचे तीनचार आठवडे ते मुंबईला जाऊन वाळवीवरची पुस्तकं धुंडाळत होते. एका शनिवारी कोटाला इस्त्री करून, हातात घडी केलेला कागद घेऊन बाहेर पडले. अर्ध्या तासात परत आले. मी ओट्यावरच होतो.

"फौजदारांची बदली झाली," ते म्हणाले. "नवे साहेब विचारत होते, तक्रार काय आहे? म्हटलं, काही नाही."

आणि आत गेले.

चार वर्षं मी त्या भिंतीला लागून राहत होतो. तेवढ्या काळात मी त्यांना विचारलेला प्रश्न एकच, "मास्तर, आज वास कसला येतोय?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, वाळवीला का चढत नाही हो?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी दयेपोटी विचारतोय का ते बघत असावेत. "खरंच विचारताय?"

"खरंच."

घरात खुर्ची एकच होती. ती त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसून मला दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसले. "कंटाळा आला की सांगा हं," म्हणाले, आणि घाईघाईनं, जणू मी कुठल्याही क्षणी उठून जाईन अशा धास्तीनं, वाळवीच्या पोटातलं सांगू लागले. तिथं लाकडाची साखर होते, पण ती आंबवून दारू करणारं तिथं कोणी नसतं, तिचं एक प्रकारचं आम्ल होतं, त्यावर वाळवी जगते, असं काहीतरी. निम्मं मला कळलं नाही.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.