लाथोबाची शंभरावी लढत

आधीच सांगून ठेवते, मला एका वेळी दोन कामं जमतात. दोन काय, चार जमतात!

हा आत्मविश्वास माझ्याकडे नवा कोरा आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघायचा, आणि सर मला गैरहजर लावून मोकळे व्हायचे. मग वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला कुणी उभंच राहीना, म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं. मी थरथरत भाषण केलं आणि चक्क निवडून आले! तेव्हापासून माझ्या तोंडातून ‘नाही’ हा शब्द बाहेर पडायचं बंदच झालंय.

त्यामुळे आई जेव्हा म्हणाली, “दवाखान्यातल्या काउंटरवाल्या काकू उद्या रजेवर आहेत, आता मी काय करू?” तेव्हा मी भाजी चावता चावताच म्हटलं, “त्यात काय? शाळेतून आले की मी बसते!”

आई दातांची डॉक्टर आहे. तिनं माझ्याकडे किडक्या दाताकडे बघावं तसं बघितलं. “फोन घ्यायचा, नंबर पुकारायचा आणि गप्प बसायचं. जमेल?”

“आई! मी वर्गप्रतिनिधी आहे!”

आता लाथोबाविषयी सांगायला हवं.

मी एक गेम खेळते. त्यात डोंगरात, जंगलात, अगदी गटारातसुद्धा चित्रविचित्र प्राणी भेटतात. त्यांना पकडायचं, पाळायचं, शिकवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. वर्गातल्या निम्म्या पोरांकडे आग ओकणारे बिबटे आणि विजा पाडणारे गरुड आहेत. माझ्याकडे सुरवंट आहे.

हसू नका. कराटे खेळणारा सुरवंट आहे! सोळा पाय, म्हणजे सोळा लाथा. अंगात पांढरा डगला आणि कमरेला पट्टा. सुरवंटाला कंबर कुठे असते असं विचारू नका. पट्टा बांधलाय ना, तीच कंबर. गेममध्ये त्याचं नाव मालगाडीएवढं लांब आहे, म्हणून मी त्याला लाथोबा म्हणते.

या लाथोबानं सलग शंभर लढती जिंकल्या, तर त्याला पंख फुटतात आणि तो महागुरू होतो. मध्ये एकदा जरी हरला किंवा शरण गेला, की मोजणी पुन्हा शून्यावर! आमच्या वर्गातला चष्मिस एकसष्टाव्या लढतीत आपटला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. माझ्या नव्व्याण्णव झाल्या होत्या. सात महिने लागले होते त्याला. सात!

नव्व्याण्णवावी मी आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जिंकले आणि पडद्यावर सूचना आली. शंभरावी लढत चोवीस तासांच्या आत लढा, नाहीतर पळ काढला असं समजलं जाईल. शिवाय या लढतीत बटणं चालणार नाहीत. खेळाडूनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः हातपाय चालवायचे, लाथोबा तसंच करणार. शरण जायचं असेल तर गालावर तळहात ठेवायचा. तीनदा शरणागती दिसली, की हार.

आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय? दहा मिनिटांचं तर काम!

पण तुम्हीच जरा विचार करा. दातांच्या दवाखान्यात माणसं गालावर काय ठेवून बसतात?

तुम्ही केलात विचार. मी नव्हता केला.

साडेचार वाजता परिस्थिती अशी होती. आत खुर्चीवर गाडी शिकवणारे एक काका आडवे झाले होते आणि आईचं मशीन घुंई करत होतं. त्यांना अजून अर्धा तास तरी लागणार होता. बाहेर तीन पेशंट होते. एक प्लंबरकाका, गाल नारळाएवढा. एक विमा एजंट, जो आतलं घुंई ऐकून दर दोन मिनिटांनी दाराकडे सरकत होता. आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, अक्कलदाढ काढायला आलेल्या, एक गाल जरासा सुजलेला. या बाई एवढ्या भारदस्त, की बाकावर बसल्या तेव्हा दुसऱ्या टोकाचा एजंट चार बोटं वर उचलला गेला.

मी फायलींच्या कपाटावर टॅब उभा केला, आवाज बंद केला आणि काउंटरच्या पुढे येऊन उभी राहिले. पडद्यावर लाथोबानं वाकून नमस्कार केला. समोर आला शंखासुर, म्हणजे पाठीवर शंख घेतलेली एक अगडबंब पैलवान गोगलगाय. मी मूठ आवळली, आणि पडद्यावर लाल अक्षरं चमकली : ‘शरण येत आहात? पाच... चार...’

मी? शरण? मी गर्रकन मागे वळले. माझ्या खांद्यामागे प्लंबरकाका गालावर हात ठेवून बसले होते. अगदी कॅमेऱ्यात! आणि गालावरचा हात कुणाचा, ते गेमला कळत नव्हतं.

“काका, हात खाली!”

“दुखतंय गं पोरी!”

“खाली घ्या म्हणते ना! दोन... एक...”

माझा आवाज बहुतेक वर्गप्रतिनिधीचा निघाला. काकांचा हात खाटकन मांडीवर आला. पण उशीर झाला होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल फुली उमटली.

“हात का खाली?” काकांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

काय सांगणार? सुरवंट हरेल म्हणून? माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “डॉक्टरांनी सांगितलंय. हाताच्या उबेनं सूज वाढते.”

एवढ्यात आतलं मशीन जरा मोठ्यानं किंचाळलं. विमा एजंट दचकला आणि त्याचा हात गेला गालावर. “अहो तुम्हीपण!” मी ओरडून त्याचा हात खाली येईपर्यंत मोजणी संपून दुसरी फुली! आता एक चूक, की सात महिने पाण्यात.

“सगळ्यांनी हात मांडीवर ठेवा!” मी फर्मान काढलं. “कुणीही गालाला हात लावायचा नाही. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे!”

तिघंही परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. मी पाय फाकवून गुडघ्यात वाकले आणि हवेत एक ठोसा मारला. लाथोबानंही मारला. शंखासुर जरासा हलला. मी दुसरा मारला, मग लाथ.

“ए मुली,” मागून बाईंचा आवाज आला. तो आवाज ऐकून माझी लाथ हवेतच थांबली. “हे काय चाललंय?”

“व्यायाम, बाई.”

“कसला?”

“जबड्याचा.”

“लाथ मारून?”

आता माघार घेणं शक्य नव्हतं. “हो. म्हणजे सगळं अंग सैल झालं, की जबडाही सैल होतो ना. मग दाढ लोण्यातून काढल्यासारखी निघते.” आणि वर जोडून दिलं, “डॉक्टर म्हणतात.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं! पण बाई उठल्या. पदर खोचला आणि बाकीच्या दोघांकडे वळल्या.

“ऐकलंत ना? मग बसलाय काय ठोंब्यांसारखे? उभे राहा! उंचीप्रमाणे रांग!”

“मॅडम, मी परत कधीतरी येतो...” एजंट दाराकडे सरकला.

“तुम्ही आधी या! पायात अंतर घ्या. गुडघे वाका. एक!”

आणि तिघंही वाकले! प्लंबरकाकांचं ठीक होतं, त्यांचा जन्मच मोरीखाली वाकण्यात गेलेला. एजंटाच्या गुडघ्यांतून मात्र पापड मोडल्यासारखा आवाज आला.

“दोन! ठोसा! तोंडानं आवाज कुठाय? हुं!”

“हुं!”

“जेवला नाहीत का? हुं!”

“हुं!!”

मी आनंदानं पडद्याकडे बघितलं, तर भलतंच! मी ठोसा मारत होते, पण लाथोबा मला विचारतच नव्हता! कॅमेऱ्याला समोर जो सगळ्यात मोठा दिसतो, त्यालाच तो खेळाडू समजतो. आणि बाई उभ्या राहिल्यावर कॅमेऱ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. मी म्हणजे हत्तीशेजारची उदबत्ती!

पण काय सांगू, लाथोबा असा लढत होता, की नव्व्याण्णव लढतींत तसा कधी लढला नव्हता! बाईंनी हात फिरवला, की तो शंखासुराला गरगर फिरवत होता. बाईंनी पाय आपटला, की सोळाच्या सोळा पाय आपटत होता. शंखासुराची ताकद पावाहून कमी उरली. मी विचार केला, कुणी का लढेना, जिंकल्याशी मतलब!

“बाई, आता लाथ!” मी ओरडले. “उंच! जेवढी उंच जाईल तेवढी!”

“अक्कलदाढेसाठी?”

“अक्कलदाढेसाठी तर हवीच!”

बाईंनी लाथ मारली. त्यांची चप्पल बंदुकीतून सुटल्यासारखी सुटली आणि काउंटरवरच्या जबड्याला लागली. म्हणजे प्लॅस्टरचा जबडा, कसं घासायचं ते दाखवायला आई वापरते तो. तो धाडकन फरशीवर पडला आणि बत्तीस दात बत्तीस दिशांना गेले.

आतलं मशीन थांबलं आणि दार उघडलं.

सगळ्यात आधी गाडी शिकवणारे काका धावत बाहेर आले. छातीवर कागद, तोंडात कापूस, ओठावरून थोडं लाल ओघळलेलं. “आघ आघयी आ?” ते ओरडले. आग लागली का, असं असावं. त्यांच्यामागे आई, हातात चिमटा!

विमा एजंटानं एकदा फरशीवरच्या दातांकडे बघितलं. मग काकांच्या तोंडाकडे. मग आईच्या चिमट्याकडे. “देवा!” म्हणत तो बाईंच्या पुढे येऊन कोसळला, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर, आणि त्याचे दोन्ही हात गेले गालांवर.

‘शरण येत आहात? पाच...’

“हात खाली!” मी किंचाळले.

‘चार...’

“हात खाली!” प्लंबरकाकाही किंचाळले.

‘तीन... दोन...’

एजंट दगड झाला होता. तेव्हा बाईंनी एक हात उगारला. तो हात बघून भल्याभल्यांचे हात आपोआप खाली गेले असतील. एजंटाचेही गेले! आणि उगारलेला हात थांबायला तयार नसल्यामुळे तो हवा कापत तसाच खाली आला. पडद्यावर लाथोबानंही तोच घाव घातला, थेट शंखाच्या मधोमध. शंखासुर उताणा!

“जिंकलो!” मी प्लंबरकाकांना मिठीच मारली. नेमका त्यांचा सुजलेला गाल माझ्या डोक्यावर आपटला, ते वेगळं.



“हे काय आहे?” आईनं अगदी हळू विचारलं. आई ओरडते तेव्हा भीती नसते, हळू बोलते तेव्हा असते.

“जबड्याचा व्यायाम!” तिघंही एका सुरात म्हणाले.

“कुणी सांगितला?”

“डॉक्टरांनी!”

“डॉक्टर मी आहे!”

सहा डोळे माझ्याकडे वळले. मी सगळं खरं सांगून टाकलं. सुरवंट, पट्टा, नव्व्याण्णव, सगळं. सांगता सांगता माझा आवाज पुन्हा मांजराच्या पिल्लासारखा झाला. प्लंबरकाका म्हणाले, “तरीच म्हटलं, हात खाली घेऊन जास्तच ठणकतंय!” एजंट तर केव्हाच पसार झाला होता. आईनं मला दात वेचायला लावले. बत्तीसच्या बत्तीस, बाकाखालून, कुंडीतून, एक तर बाईंच्या पर्समधून.

पण शेवटचा दात वेचताना पडद्याकडे बघितलं, आणि सगळं विसरले. लाथोबाच्या पाठीतून सोनेरी पंख निघत होते. कमरेचा पट्टा काळाभोर झाला होता. महागुरू! माझा लाथोबा महागुरू! मी आनंदानं नाचत त्याच्यासमोर गेले. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. मान वळवून तो कुणालातरी शोधत होता. खाली अक्षरं उमटली : ‘महागुरू आता फक्त आपल्या गुरूचीच आज्ञा पाळेल. गुरूचा चेहरा नोंदवला आहे.’

शेजारी चौकटीत फोटो होता. चष्मा, सुजलेला गाल, उगारलेला हात.

मी गेमवाल्यांना तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं, गुरू बदलता येत नाही, अभिनंदन! बाईंची दाढ निघाली, सूज उतरली, तरी लाथोबा त्यांना बरोब्बर ओळखतो. मी समोर उभी राहिले, की पाठ करून झोपतो.

म्हणून हल्ली मी रोज संध्याकाळी टॅब घेऊन बाईंच्या घरी जाते. वर्गात सगळ्यांना वाटतं, महागुरू माझ्याकडे आहे म्हणजे माझी चैन आहे. त्यांना काय माहीत, की बाई कॅमेऱ्यासमोर आल्याशिवाय लाथोबा हलत नाही, आणि बाई माझी गणिताची वही तपासल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर येत नाहीत! काल अपूर्णांकांत दोन चुका निघाल्या. बाईंनी नुसतं “हं?” म्हटलं, आणि टॅबमध्ये लाथोबानं सोळाच्या सोळा पायांनी अंगठे धरले.

मग मीही धरले.