हिराजीकाका आणि दोन इंजिनांची बोट

आमचे हिराजीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या गाडीच्या इंजिनाला तळहात लावतात आणि मग माणसांकडे बघतात. घरात लग्न असो नाहीतर दहावं, या क्रमात फरक नाही. "थंड हाय" किंवा "आत्ताच आलीय" असं स्वतःशीच पुटपुटतात, चपला काढतात आणि आत येऊन पाणी मागतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा गाडीच्या पाया पडतोय.

आमचं गाव खारबावच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. तिथं काकांच्या पुतणीला बघायला एकदा पाहुणे आले. "थेट अलिबागवरून आलो, वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही," मुलाचे मामा मोठ्या ऐटीत सांगत होते. काका बाहेर जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आत येऊन म्हणाले, "पावनं, गाडी तर थंडगार हाय. दोन तास कुठं व्हता?" मामांना घाम फुटला. ते दोन तास शेजारच्या आळीत मुलीची चौकशी करत फिरत होते. लग्न जमलं, पण मामा अजूनही आमच्याकडे यायचं तर रेल्वेनं येतात.

काका तीस वर्षं खाडीत रेतीच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होते. मोतीबिंदू झाला तेव्हा मालकानं घरी बसवलं. ऑपरेशन होऊन नजर परत आली, नोकरी काही आली नाही. बायको गेलेली, दोन्ही मुलं ठाण्याला फ्लॅटमध्ये. पण पंचक्रोशीत कुणाला जुनी वस्तू घ्यायची असली की काकांना घरातून उचलून नेतात. मोटारसायकल, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, काहीही. भिवंडीत एकदा जुने लूम बघायला गेलो होतो. सगळे लूम चालू झाल्यावर आम्हाला एकमेकांचं ओरडणंही ऐकू येईना, आणि काका मात्र डोळे मिटून उभे. कारखान्याच्या मालकाला म्हणाले, "भाई, वो तीसरावाला लंगडाता है." उघडून बघितलं तर तिसऱ्याच्या गिअरचे दोन दात गायब. "चाचा, मेरे यहाँ ड्युटी कर लो," भाई म्हणाला. काकांनी हात जोडले. "मैं पानी का आदमी, भाई. इधर नाक में धागा जाता है."

मी हायस्कुलात मास्तर. इंजिनातलं मला एवढंच कळतं की ते शाळेच्या वेळेला बंद पडतं. तरी बोटीच्या प्रकरणात मला नेलं, कारण बोटीचे कागद इंग्रजीत होते.

बोट घ्यायची होती काकांच्या पुतण्याला, बळीरामला. जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि बळीरामचा बळीरामशेठ झाला. थोरल्या मुलाच्या लग्नात त्याची वरात रस्त्यात कंटेनरच्या रांगेत तीन तास अडकली होती. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून वडापाव खाल्ला आणि मुहूर्त टळला तो टळलाच. बळीरामनं तेव्हाच शपथ घेतली की धाकट्याची वरात पाण्यातून न्यायची. धाकट्याची सासुरवाडीही खाडीकाठचीच. वसईच्या खाडीत एक जुनी केबिनची बोट विकायला आहे असं त्याला कळलं. दोन इंजिनं, आत झोपायला जागा, छोटं स्वयंपाकघर, संडास, सगळं.

क्वालिस गाडी घेऊन आम्ही तिघं सकाळीच पोचलो. धक्क्यावर पांढरे बूट घातलेला दलाल हजर होता. "आओ सेठ! आपके लिए इंजन गरम करके रखा है."

मी आणि बळीराम, दोघांनी एकदम काकांकडे बघितलं. काका बोटीत उतरले, उजव्या इंजिनाला हात लावला, डाव्याला लावला, वर आले आणि धक्क्याच्या दगडावर बसून भाकरीचं फडकं सोडलं.

"थंड व्हऊ दे," म्हणाले.

"अहो काका, माणूस थांबलाय," बळीराम चिडला.

"मना त्याचं सकालचं पयलं खोकनं आयकायचं हाय. गरम झाल्यावर समदीच गोड बोलतात."

दोन तास आम्ही तिथं बसलो. बळीराम फोनवर फोन करत येरझाऱ्या घालत होता. दलाल आधी फुरंगटला, मग काकांनी पुढं केलेली अर्धी भाकरी आणि सुके बोंबील घेऊन तोही शेजारी बसला. काकांचं हे मला फार आवडतं. ज्याच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नसतो त्यालाही ते जेवू घालतात.

इंजिनं थंड झाली आणि तपासणी सुरू झाली. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं काकांनी बोटीचं सगळं फायबरचं अंग ठोकून काढलं, प्रत्येक ठोक्याला कान लावून. मग तळाची फळी उचलली. खाली इंचभर पाणी साचलेलं. त्यात हाताचं बोट बुडवून त्यांनी सरळ जिभेला लावलं. दलालानं डोळे मिटून घेतले.

"गोडं हाय," काका खुशीत म्हणाले. "पावसाचं. वरनं गललंय, खालनं न्हाय. बुडाला भोक न्हाय हिच्या."

मग इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी ओढली. उजव्याचं ऑइल काळं. डाव्याचं मात्र लख्ख, सोनेरी.

"एकालाच का नवे कपडे?" काकांनी विचारलं. दलाल म्हणाला, "चाचा, डब्बा खतम हो गया था." काका "बगू" एवढंच बोलले. इंजिनं सुरू झाली. दोन्ही खोकली, धूर आला, गेला. काका मान हलवत राहिले आणि बळीरामनं मला हळूच कोपरानं ढोसलं.

बोट खाडीत निघाली तेव्हा स्टिअरिंगवर काका होते. एरवी पोक काढून चालणारा हा माणूस ताठ उभा राहिला होता. वारा आला की दोन बोटांनी चाक जरासं फिरवत, ओहोटीच्या पाण्याकडे बघत, मध्येच एका इंजिनावर, मग दुसऱ्यावर बोट चालवून बघत. तासभर हेच चाललं होतं आणि मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

बळीरामच्याही ते लक्षात आलं असावं. मनानं तो वाईट नाही. म्हणाला, "काका, घेतली तर तुमीच चालवायची. किल्ली तुमच्याकडं. हितंच ऱ्हावा, घरात एकटं काय करता?"

"वरात झाल्यावर बी?"

"कायमचं."

काकांनी समोरून नजर काढली नाही. पण पुढं दहा मिनिटं ते कसलंसं गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत होते. खरं सांगतो, मी मनात म्हटलं, देवा, आता या बोटीत काही खोट निघू देऊ नकोस.

धक्क्याला लागल्यावर बळीराम वर उभा राहून बँडवाल्याशी फोनवर बोलू लागला, पाण्यावर वाजवायचे जास्त घेणार का म्हणून. मी बॅटरी धरून काकांबरोबर खाली उतरलो. त्यांनी डाव्या इंजिनाची पट्टी ओढली. बघितली, पुसली, परत घातली, परत ओढली. असं तीनदा. सकाळचं सोनेरी ऑइल आता दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण काकांच्या तोंडाकडे बघून सगळं कळलं.

ते पायरीवर बसले. बराच वेळ पट्टी हातात धरून बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमाला काय दिसलं?"

"काही नाही, काका," मी म्हणालो.

शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस मी. पण त्या क्षणी त्यांनी पट्टी पुसून गपचूप ठेवून दिली असती, तर मीही जन्मभर तोंड उघडलं नसतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, जरासे हसले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वर गेले.

"बल्या, न्हाय घ्यायची."

"आता काय झालं?"

"डाव्याच्या पोटात पानी शिरलंय. काल ऑइल बदलून झाकलंय यांनी. कवा बंद पडंल सांगता यायचं न्हाय."

"पन दुसरं हाय ना! दोन इंजिनं कशाला असतात?"

"दुसऱ्यावर घरी येतात, बल्या. घरनं निघत न्हाईत. तुजी पंधरा बायकापोरं बसनार हिच्यात, ओहोटीला. पानी दर्यात वडून नेतं."

बळीराम थोडा वेळ बोटीकडे आणि थोडा वेळ काकांकडे बघत राहिला. मग दलालाला म्हणाला, "नहीं जमेगा." दलाल काकांवर चिडेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं काकांचा हात धरून त्यांना बोटीतून उतरवलं.

आम्ही परत निघालो. बळीराम चालवत होता, मी आणि काका मागे. न राहवून मीच म्हटलं, "काका, दुसरी मिळेल."

"मिलेल की. तीबी बगाया येईन मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आजपावतर लोकांना किती वस्तू बगून दिल्या, ध्यानात न्हाय. बगाया समदी नेतात. घेतल्यावर बसाया कुनी बोलावलं न्हाय. आज बल्यानं बोलावलं. म्हनून मगाशी जरा येल लागला, खाली पट्टी बगताना."

तक्रारीचा सूर नव्हता, नुसता खुलासा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी स्कूटरही त्यांनीच पसंत केली होती आणि सहा वर्षांत मी त्यांना तिच्यावर एकदाही बसवलं नव्हतं.

 आमच्या गावचा फाटा आला, तसा बळीराम न वळता सरळ पुढे गेला.

"बल्या, फाटा मागं ऱ्हायला," काका म्हणाले.

"ठाऊक हाय. अंबाडीला जाऊन येऊ."

"अंबाडीला? आता तिथं कुनाची गाडी बगायची?"

"कुनाची न्हाय, काका," बळीराम म्हणाला. "फिराया."