हैबतरावांचा सूर्यतिलक

एका जंगलात सगळ्यांना कातडी होती. हसू नका, बाळांनो. कातडी आपल्या अंगावर असते, पण ती नीट दिसते मात्र दुसऱ्यालाच. आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

त्या जंगलात हैबत नावाचा एक रेडा राहत होता. इतर रेडे काळेभोर, आणि हा भुरा. साय धरलेल्या चहासारखा. त्याला एकच काम मनापासून आवडे. चिखलात लोळणे. सकाळी एक थर, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी धुऊन पुन्हा नवा. "आपला रंग नाजूक हाय बाबा, चिखल उतरू देऊ नको," असं त्याच्या आईने त्याला लहानपणीच बजावलं होतं. आईचं सगळंच काही तो ऐकत नसे, पण एवढं ऐकायला कष्ट नव्हते.

मग एक दिवस पाणवठ्याचा सभापती निवडायची वेळ आली. हरणांना डुकरं नकोत, डुकरांना हरणं नकोत. शेवटी सगळ्यांचं हैबतवर एकमत झालं. तो कुणाच्याच भांडणात पडला नव्हता. कसा पडणार? तो चिखलात पडलेला होता.

तर आता आपणही त्यांना अहो-जाहो करू या. हैबतराव सभापती झाले.

सभापतीने मानाच्या कातळावर बसायचं, अशी त्या जंगलाची रीत होती. कातळ उघडा, काळा, तव्यासारखा तापलेला. वर एकही झाड नाही. होतं ते मुद्दाम तोडलेलं. सावलीत बसणारा सभापती काहीतरी लपवतो, असा सगळ्यांचा पक्का समज होता. आणि चिखल? पदाधिकाऱ्याच्या अंगाला चिखल शोभत नाही. हैबतराव दररोज स्वच्छ आंघोळ करून कातळावर बसू लागले. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, असे नऊ गेले. कपाळावरचे केस विरळ झाले. कानांच्या कडा गुलाबी पडल्या. लोक म्हणत, काय ते तेज.

हैबतरावांच्या डोक्यावर साळूबाई नावाची साळुंकी बसत असे. गोचिडी वेचणं हा तिचा धंदा, आणि बडबड हा तिचा स्वभाव. नऊ वर्षांत तिने त्यांच्या पाठीचा इंच न् इंच पायाखाली घातला होता. एका सकाळी ती कपाळावर उतरली आणि थांबली.

"दादा, हितं खरखरतंय."

"धूळ असंल," हैबतराव म्हणाले.

"धूळ न्हाई. चिंचोक्याएवढा लालसर डाग हाय. वर पापुद्रा आलाय. दिसाया काय न्हाई, पन पायाला पॉलिश पेपरावानी लागतंय."

तिने चोचीने पापुद्रा काढला. आठ दिवसांनी तो परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. तिला गोचिडी माहीत होत्या, खरूज माहीत होती, डासांच्या गांधी माहीत होत्या. हे त्यातलं काहीच नव्हतं.

"डाक्टरला दाखवा," ती म्हणाली.

"दुखत न्हाई, खाजत न्हाई. न दुखणारं दाखवायला कशाला जायचं?" हैबतराव म्हणाले. बाळांनो, तुमच्या घरातली मोठी माणसंही असंच म्हणतात का? म्हणत असतील तर आत्ता काही बोलू नका. गोष्ट संपल्यावर त्यांचे कान तपासा.

त्याच आठवड्यात एका वारुळाचं उद्घाटन होतं. फीत कापायला हैबतरावांनी मान खाली घातली, आणि दुपारच्या उन्हात तो डाग लालबुंद चमकला. समोरच धनेशशास्त्री बसले होते. शास्त्री म्हणजे जंगलातला सगळ्यात मोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी असल्यामुळे त्यांचं म्हणणंही मोठं मानलं जाई.

"थांबा," शास्त्री म्हणाले. "हा डाग नव्हे. हा सूर्यतिलक. प्रत्यक्ष सूर्यनारायणाने स्वहस्ते लावलेला."

वारूळ बाजूला राहिलं. सशांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं. मुंग्यांनी आपलं उद्घाटन आपणच उरकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून कातळापुढे रांग लागली. कुणी डागाला हात लावी, कुणी शेपूट. मोरांनी तिलकाची आरती बसवली. माकडांनी डिंक आणि गेरूचे तयार तिलक काढले, लहान, मध्यम आणि सहकुटुंब. साळिंदराने नाकावर लावला, कासवाने पाठीवर तेरा लावले. घुबड दिवसा झोपतं म्हणून त्याला सूर्याचा शत्रू ठरवण्यात आलं, आणि बिचाऱ्याला समितीपुढे डोळे उघडे ठेवून बसावं लागलं.

त्यातच राजा वाघाच्या दाढा हलायला लागल्या. त्याने गादी सोडायचं ठरवलं. शास्त्रींनी पंचांग उघडलं, बंद केलं, आणि न बघताच सांगितलं, "रथसप्तमीच्या दिवशी, भर माध्यान्ही, ज्याच्या कपाळी सूर्यतिलक असेल तो राजा."

हैबतरावांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. रेडा आणि राजा. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी साध्या कळपाच्यासुद्धा पुढे चाललं नव्हतं.

साळूबाई मात्र गप्प बसली नाही. तिने डॉक्टर धामणेबाईंनाच कातळावर आणलं. धामणेबाई म्हणजे धामण. कातडीचं जंगलात त्यांच्याएवढं कुणालाच कळत नसे. त्या स्वतः दर वर्षी अख्खी कातडी बदलत. त्या सळसळत हैबतरावांच्या कपाळावर चढल्या आणि डागावरून हळूच हनुवटी फिरवली.

"हा डोळ्यांपेक्षा स्पर्शाला आधी सापडतो," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कातडीवर येतो. कपाळ, कान, टक्कल, हातांची पाठ. खरखरीत, चपटा. पापुद्रा जातो आणि परत येतो."

"म्हंजे काय हाय ते?" हैबतरावांनी विचारलं.

"आज कर्करोग नाही. पण त्याच्या वाटेवर उभा आहे. सगळे डाग पुढे जात नाहीत. बरेचसे तिथेच राहतात, काही तर आपोआप मावळतात. एखादाच पुढे जातो. तो कोणता, हे डाग सांगत नाही. म्हणून आपण वाट बघायची नाही."

मग त्यांनी सगळं अंग तपासलं. पाठीवर असेच चार-पाच डाग निघाले. डाव्या कानाच्या मागे मात्र त्या थांबल्या. तिथला डाग जाड होता आणि दाबल्यावर हैबतराव कळवळले.

"जाड झाला, दुखला, भराभर वाढला किंवा त्यातून रक्त आलं, तर थांबायचं नाही. याचा तुकडा काढून तपासायला हवा. या आठवड्यातच. कपाळावरचा गोठवून टाकू. पंधरा दिवसांत खपली पडेल आणि काही उरणार नाही."

"काहीच उरनार न्हाई?" हैबतरावांनी विचारलं.

"काहीच नाही."

हैबतरावांनी रथसप्तमीपर्यंतचे दिवस मनात मोजले. तीन आठवडे होते.

"सप्तमी झाली की लगेच येतो," ते म्हणाले. "कानाचं पन तवाच बघू. मुकुट कानांवर बसतो ना, डाक्टरबाई."

धामणेबाई म्हणाल्या, "हैबतराव, मी दर वर्षी नवी कातडी घालते. तुम्हाला ही एकच मिळालेली आहे." आणि त्या निघून गेल्या. साळूबाईही पंख झटकून उठली.

"दादा, मी जाते. तुमचा कान सडताना बघाया माज्याच्यानं हुनार न्हाई."

"अगं, राजाच्या डोक्यावर बसशील. जरा इचार कर."

"मी दादाच्या डोक्यावर बसत हुते," ती म्हणाली आणि उडाली.

बाळांनो, हैबतरावांना वाटलं, बरं झालं, कटकट गेली. दोन दिवस असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी गोचिडी आल्या. चौथ्या दिवशी त्यांना कळलं, की आपल्याशी कुणी बोलतच नाही. सगळे डागाशी बोलतात. रांगेतला रानडुक्कर त्यांना म्हणाला, "जरा मान वळवता का, तुमचं तोंड मध्ये येतंय."

डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. डाग पुसेल म्हणून पुसायचीही सोय नव्हती.

मग त्यांना कानाची काळजी वाटू लागली. कान मोठा झालाय का? ते पाणवठ्यावर गेले आणि पाण्यात वाकून पाहू लागले. पाण्यात कपाळ दिसलं, नाक दिसलं, बावरलेले डोळे दिसले. कानाची मागची बाजू काही दिसेना. मान जिकडे वळवली, कानही तिकडेच गेला. गोल गोल फिरले. बेडकांना वाटलं, भावी राजा नृत्य करतायत, आणि त्यांनी ठेका धरला. हैबतराव कानामागे पळत होते, कान पुढे पळत होता, आणि सगळं तळं टाळ्या वाजवत होतं. एवढ्यात पाण्यावर टप्पकन एक लाल थेंब पडला. मग दुसरा. टाळ्या चालूच होत्या.

हैबतराव जागच्या जागी थांबले. त्यांना भीती वाटली. खरी भीती, आणि ती सांगायला डोक्यावर कुणी नव्हतं. रथसप्तमीला तीन दिवस होते. ते तसेच वळले आणि भर दुपारी, रांगेच्या देखत, धामणेबाईंच्या बिळाकडे पळत सुटले. बिळाबाहेरच्या फांदीवर साळूबाई बसली होती. रोज बसत होती म्हणे. त्यांना पाहताच ती उडून आली आणि आपल्या जागेवर बसली.

धामणेबाईंनी कान बधिर केला आणि अख्खा डागच कापून वाळवीच्या प्रयोगशाळेत धाडला. मग हिमालयावरून आलेल्या राजहंसांनी थर्मासमधून आणलेला गार वायू कपाळावर फुसकारला. हैबतराव ओरडले. एकदाच. "झोंबतं जरा," बाई म्हणाल्या, "फोड येईल, मग खपली. खाजवायचं नाही. पाठीला हे मलम दोन-तीन आठवडे लावा. आधी लाल होईल, सोलवटेल, बघवणार नाही. मग बरं होईल. घाबरून बंद करू नका."

"आनि गादी?" हैबतरावांनी विचारलं.

"त्यावर मलम नाही," बाई म्हणाल्या.

हैबतरावांनी गादीवर पाणी सोडलं. पण गंमत ऐका.

रथसप्तमी उजाडली. अंगणाअंगणात दूध उतू गेलं. हैबतराव कातळावर आले ते क्षमा मागायला. तर कपाळावरचा डाग फुगून दुप्पट झालेला, भोवती लाल कडं, मध्ये टपोरा फोड. पाठ मलमाने लालेलाल. शास्त्रींची चोच उघडीच राहिली.

"तेज वाढलं," ते कसेबसे म्हणाले. "कपाळात मावेना, पाठीवर सांडलं."

पुढचं काही हैबतरावांना बोलूच दिलं नाही. मुकुट चढला. कानाला पट्टी होती, तिला राजपट्टी म्हणण्यात आलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या जंगलाने डाव्या कानाला पट्ट्या बांधल्या.

राजे हैबतरावांनी एकूण बारा दिवस राज्य केलं. पहिला हुकूम, मानाच्या कातळावर मांडव. दुसरा, चिखल सर्वांना खुला. तिसरा, प्रत्येकाने महिन्यातून एकदा शेजाऱ्याची पाठ, कान आणि टक्कल चाचपून बघावं. या तिसऱ्या हुकमाने फार गोंधळ झाला. शेजाऱ्यांना एकमेकांना हात लावायची सवयच नव्हती. हरणं लाजली, लांडगे गुदगुल्या होऊन लोळले. पण सात जणांचे खरखरीत डाग सापडले.

बाराव्या दिवशी भर दरबारात हैबतरावांना शिंक आली आणि कपाळावरची खपली टपकन शास्त्रींच्या पंचांगावर पडली. खाली कोवळी, गुळगुळीत कातडी.

"तिलक लोपला," शास्त्री म्हणाले. "सूर्याने पाठ फिरवली."

तासाभरात हैबतराव पदच्युत झाले. मांडव उतरला. गादीवर ढवळोजी वानर बसला. त्याचा तिलक डिंकाचा होता, शिंकेनेच काय, वादळानेही पडला नसता.

त्याच दुपारी वाळवीचा अहवाल आला. एक कोपरा खाल्लेला होता, पण मजकूर शाबूत होता. डाग कर्करोगाच्या काठावर होता, अजून पलीकडे गेलेला नव्हता. सगळा निघाला होता. "पुढच्या वर्षीच्या सप्तमीपर्यंत टाळत राहिला असतात, तर कान गेला असता," धामणेबाई म्हणाल्या, "आणि कदाचित कानावर भागलं नसतं. आता दर सहा महिन्यांनी येऊन दाखवत जा."

साळूबाईने अहवाल दोनदा वाचला आणि मग उगाचच हैबतरावांना चोच मारली. हैबतराव सरळ तळ्याकडे गेले आणि चिखलात असे पसरले, की पलीकडच्या काठावर पाणी चढलं.

तिथून धामणेबाईंच्या बिळाची मागची वाट दिसते. त्या वाटेने रोज दुपारी कोण कोण जातं, ते दोघे बघत बसत. सकाळी दरबारात डिंकाचा तिलक लावणारे सगळेच. एकदा तर खुद्द धनेशशास्त्री आले, गळ्याभोवती उपरणं गुंडाळून. गळ्याखाली उघड्या कातडीवर खरखरीत लाल डाग होता.

"बाई, उपचार नीट करा," शास्त्री हळू आवाजात म्हणाले. "जिवाची भीती वाटते हो. फक्त एवढं बघा, डाग तसाच राहू द्या."

तात्पर्य: बाळांनो, डाग वेळेवर दाखवला की जीव वाचतो आणि गादी जाते. म्हणून मोठेपणी ज्यांना राजा व्हायचं असेल, त्यांनी रोज भर उन्हात बसावं, कानामागे हात लावू नये, आणि डोक्यावर बसून खरं बोलणाऱ्या साळुंकीला पहिल्याच दिवशी हाकलून द्यावं. उरलेल्यांनी चिखलात या. जागा भरपूर आहे.