समुद्र मला आत घेईना

मला ‘नको’ म्हणायला जरा वेळ लागतो. मनात लगेच येतं, पण तोंडापर्यंत पोचायला त्याला वाटेत दोन-तीन ठिकाणी टेकावं लागतं. तेवढ्यात समोरचा माणूस ‘व्हय’ समजून निघून गेलेला असतो. (माझं लग्नही असंच ठरलं. पण ते राहू दे, हिला कुणीतरी हे वाचून दाखवणारच.)

दिवाळीच्या सुट्टीत आमचा धैर्यशील जेवता जेवता म्हणाला, “आबा, मालवणला जाऊया. तिथं समुद्राच्या तळाला नेऊन मासं दाखवत्यात. स्कूबा म्हंत्यात. करणार न्हवं?”

मी घास गिळला, मिशा पुसल्या, आणि आता बोलणार तोवर सूनबाईनं, क्रांतीनं, मोबाईलवर घरच्या ग्रुपला कळवूनही टाकलं. घरच्या ग्रुपवरून बातमी तालमीच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर चौकात पंधरा फुटी डिजिटल बोर्ड! फेटा बांधलेला मी, मागं निळा समुद्र, खांद्याजवळ एक देवमासा आणि खाली अक्षरं: ‘समुद्राचा तळ गाठणारे गल्लीतील पहिले ज्येष्ठ नागरिक मा. बाळासो आबा यांचे हार्दिक अभिनंदन!’ त्याखाली बावीस शुभेच्छुक.

समुद्र सोडा, अजून माझी आंघोळसुद्धा झाली नव्हती.

आमच्या कोल्हापुरात हे असंच. काम होईल तेव्हा होईल, अभिनंदन आधी. पोरगं दहावीला बसलं की बोर्ड, पास झालं की बोर्ड, आणि नापास झालं तर ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ म्हणून त्याहून मोठा बोर्ड.

बोर्डाखाली आकाराम कमरेवर हात ठेवून उभा होता. तो गेल्या वर्षी थायलंडला जाऊन आला. त्याचाही बोर्ड लागला होता, पार वाऱ्यानं फाटून म्हशींच्या गोठ्यावर जाईपर्यंत.

“बाळासो, तळ गाठणार म्हणं?”

“तसं लिवलंय खरं.”

“लिवायला काय जातंय? पुरावा लागंल. व्हिडिओ आण. रविवारी तालमीत पडदा लावतो, गल्ली बघंल सगळी.”

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण गल्लीतल्या निम्म्या माणसांना पोहायला मी शिकवलंय, आमच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. (खुद्द आकारामाला तीन डबे लागले होते, आणि तरी तो ‘वाचव’ म्हणून विहिरीवरच्या जांभळीच्या झाडाला ओरडून हाका मारत होता.) आता बोर्ड लागलेला आणि मी कोरडाच परत आलो, तर तोंड कुठं दाखवणार?

डॉक्टरनं छातीला नळी लावून ‘बिनधास्त जावा’ असं लिहून दिलं आणि आम्ही मालवणला गेलो. क्रांतीला बोट लागते, म्हणून ती किनाऱ्यावर थांबली. बोटीत मी, धैर्यशील, भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन आमची ही, चिमणाबाई, एक कॅमेरावाला आणि माणसांना खाली नेणारा दाढीवाला मास्तर. मला रबरी पोशाख चढवायला तिघं लागले. बैलाच्या खुरांना पत्री ठोकतानाही एवढी माणसं लागत नाहीत.

“आजोबानू, श्वास तोंडान घेवचो. नाक इसरा,” मास्तर म्हणाला, आणि त्यानं माझ्या कमरेला एक पट्टा आवळला. पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवलेले.

“ह्ये कशाला?”

“खाली जावक व्हया मा!”

जन्मभर मी माणसाच्या पाठीला डबा बांधला, त्यानं तरंगावं म्हणून. आणि हा अनोळखी माणूस भर समुद्रात माझ्या कमरेला शिसं बांधतोय, आणि वर हसतोय! मास्तर हवेची टाकी आणायला वळला, तेवढ्यात मी दोन ठोकळे पट्ट्यातून हळूच सरकवले आणि हिच्या पिशवीत सोडले.

पाण्यात उतरलो. धैर्यशील खाली गेला, कॅमेरावाला खाली गेला, मास्तर खाली गेला. मी वरच, कढईत वडा तरंगावा तसा. मास्तरनं पाय धरून ओढलं, की हातभर खाली जायचो आणि सोडलं की भस्सकन वर.

“वजान किती तुमचा?” मास्तर बोटीला धरून धापा टाकत होता.

“पासष्ट किलो असंल.”

“मगे ह्यां असां कसां?”

त्यानं मला वर घेऊन दोन ठोकळे वाढवले. मी दोन कमी केले. पुन्हा वडा. त्यानं तीन वाढवले. मी तीन कमी केले. (हिशेबाला मी पहिल्यापासून पक्का.) शेजारच्या बोटीतले पावणे आता मासे सोडून माझेच फोटो काढायला लागले. मास्तरनं कपाळाला हात लावला. “बारा वर्सां माणसांका खाली नेतंय, पण असो माणूस बघूक नाय!”

तेवढ्यात दुसऱ्या बोटीतून त्याचा मालक ओरडला, “अरे, वजन बांधूक येणा नाय तर घराक जा!”

मला फार वाईट वाटलं. भला माणूस माझ्यापायी बोलणी खात होता. आता खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडत होतो. पण चिमणाबाईला भूक लागली. तिनं पिशवी उचलायला बघितली, ती उचलेना.

“अवं, ह्यात भाकरी हाय का वरवंटा?” तिनं हात घातला आणि एकेक करून सात ठोकळे बाहेर काढले. शेवटच्याला ठेचा लागला होता.

मास्तरनं ठोकळे मोजले आणि माझ्याकडं बघितलं.

“मास्तर, चूक माझी हाय,” मी म्हणालो. “कमरंला शिसं बघून जीव घाबरला.”

मास्तरनं मला हात जोडले. मग ठोकळ्याचा ठेचा धुतला, सातातले दोनच परत पट्ट्यात घातले आणि माझा हात धरून मला खाली नेलं.

काय सांगू! मला वाटलं होतं खाली चिखल असेल. तर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे, म्हशीच्या शिंगांसारखे दगड, आणि ते दगड नव्हेत, जिवंत आहेत म्हणे. काचेसारखी एक कोळंबी, आतलं सगळं दिसतंय आणि तिला त्याची लाज नाही. शंख समजून बोट लावलं, तर तो पाय काढून चालायला लागला. आत खेकडा बसला होता, दुसऱ्याच्या घरात. आणि एका कपारीतून नखाएवढा पिवळा मासा माझ्या अंगावर धावून आला! मी एवढा माणूस, तो एवढासा, पण दारात का आलास म्हणून मला ढुसण्या देतोय. कोल्हापूरचाच असणार. मी हात जोडून मागं सरलो, तेव्हा कुठं तो आत गेला.

वर आलो, तर कॅमेरावाला मान खाली घालून बसलेला. मी वर तरंगत होतो तेवढ्यात त्याची बॅटरी संपली होती. त्याच्याकडं होते ते खालून घेतलेले माझे दोन पाय.

“काळजी करू नकात,” मास्तर म्हणाला. “व्हिडिओ गावतलो.”

आणि खरंच, शनिवारी तो धैर्यशीलच्या मोबाईलवर आला.

रविवारी तालमीत पडदा लागला. गल्ली जमली. पडद्यावर एक सडपातळ माणूस, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, दंडावर नांगर गोंदलेला. तो पाण्यात कोलांट्या मारत होता, माशांना दोन्ही हातांनी बदाम करून दाखवत होता. शिट्ट्या पडल्या. तो मी नव्हतो. या वेळी मात्र मी घाई केली.

“बाबांनो, ह्यो मी न्हवं! ह्यो दुसराच कोण तर हाय!”

“आबा, इतका साधेपणा बरा न्हवं!”

“अरं, मिशा कुठं हायत त्याला?”

“पाण्यानं बसल्यात त्या!”

धैर्यशील माझा सदरा ओढत कुजबुजला, “आबा, गप बसा की.” आणि आकाराम, ज्यानं पुरावा मागितला होता, तोच उठून उभा राहिला. “मी सांगतो, बाळासोच हाय. पाय मारायची पद्धत बघा. मला ह्यानंच शिकवलंय!” त्यानं माझ्या गळ्यात हार घातला.

मग मी, खरं तरी सांगावं म्हणून, त्या नखाएवढ्या माशाची गोष्ट सांगितली. सगळी तालीम हसली. “आबा, व्हिडिओ झाला तेवढा बास. आता फेकू नगासा.”

शेवटची आशा चिमणाबाई. बावन्न वर्षं माझं तोंड बघतेय, तिला तरी कळेल. तिनं चष्मा पुसला, पडद्याजवळ गेली, त्या माणसाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर नीट करत म्हणाली,

“धैर्या, ह्योच फोटो मोठा करून फ्रेम कर. जन्मात इतकं देखणं दिसलं न्हवतं. फुडंमागं हार घालायला बरा पडंल.”