जरा हलत राहा

ऑफिस ऐन भरात आलेलं असताना समाधीकाकांच्या डोक्यावरचा दिवा गेला. वीज गेली असेल म्हणून त्यांनी मान वर केली, तर दिवा लागला. पुन्हा नकाशात डोकं घातलं आणि थोड्या वेळाने पुन्हा अंधार. चारी बाजूंना लख्ख उजेड आणि मधोमध फक्त काकांचं टेबल काळोखात.

"काका, हलत राहा," शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारी मुलगी म्हणाली. ती स्वतः खुर्चीत डावी-उजवीकडे डुलत होती. "सुट्टीच्या दिवशी छतात डोळे बसवलेत. माणूस हलला नाही की टेबल रिकामं धरतात आणि दिवा घालवतात."

आता काकांचं काम काय, ते ऐका. इमारतींचे नकाशे बनवणारं ते ऑफिस, आणि बनलेल्या नकाशातल्या चुका शोधणारे हे काका. नकाशा पसरायचा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि बघत बसायचं. चूक आपण शोधायची नसते, बसून राहिलं की ती कंटाळून स्वतःच पुढे येते, असं ते सांगत. एकदा त्यांना असा जिना सापडला होता की चढून गेलं की समोर नुसती भिंत. एकदा अख्ख्या मजल्याला बाथरूमच नव्हतं. हे सगळं तसूभरही न हलता. माशी नाकावर बसायची आणि कोणी हाकलत नाही म्हणून वैतागून उडून जायची. समाधीकाका हे नाव काही उगीच पडलेलं नव्हतं.

दुपारी व्यवस्थापक साहेब मोबाइल पुढे धरून आले. मोबाइलवर अख्खं ऑफिस चौकोनांत मांडलेलं होतं. सगळे चौकोन हिरवे, काकांचा तेवढा राखाडी.

"काका, सकाळपासून कुठे होतात?"

"इथेच. मघाशी तुम्हीच मला 'बरे आहात ना' विचारलंत."

"मी विचारलं हो. पण यंत्रणेला तुम्ही दिसला नाहीत." साहेबांचा आवाज अगदी मऊ होता, आणि तोच काळजीचा भाग होता. "नियम नवा आहे. जी जागा सतत रिकामी दिसेल ती काढून टाकायची. आणि जागाच नाही म्हटल्यावर माणसाचं नाव मुख्य ऑफिसचा कॉम्प्युटर आपोआप उडवतो. त्यात माझ्या हातात काही नाही."

काकांची निवृत्ती तोंडावर आलेली. इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून नकाशे तपासले, आणि आता कशापायी जायचं, तर हललो नाही म्हणून. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

"माझी नोकरी जाणार बहुतेक."

"अगं बाई. काय केलंत?"

"काहीच केलं नाही. म्हणूनच."

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "लग्नापासून सांगतेय, अहो जरा हला, उठून पंखा तरी लावा. माझं कधी ऐकलं नाहीत. आता छताचं ऐका."

दुसऱ्या दिवशी काकांनी पाय हलवायला सुरुवात केली. तास-दीड तास पाय हलवून पोटऱ्यांत गोळे आले, पण दिवा काही लागेना. छतातल्या डोळ्याला टेबलाखालचं दिसत नाही, हे त्यांना शेजारच्या मुलीने सांगितलं. मग त्यांनी मान हलवायचं ठरवलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. दिवा लागला आणि टिकला. पण डोळे ओळीवर ठरेनात. एक दार बघावं तर तोवर मान पुढच्या खोलीत पोचलेली असायची.

त्यातच नवा इंजिनिअर आपला नकाशा घेऊन आला. साहेबांना सगळ्यांवर नीट लक्ष ठेवता यावं म्हणून कोपऱ्यात त्यांची नवी केबिन होणार होती, तिचा नकाशा. तो काकांसमोर पसरून बिचारा उभा राहिला. काकांची मान नाही-नाही, नाही-नाही.

"काय चुकलंय, काका?"

"थांब, बघतोय," काका मान हलवत म्हणाले.

इंजिनिअरने काय ते ओळखलं आणि नकाशा उचलून नेला. केबिन नव्याने काढली. पुन्हा नाही-नाही. दार इकडचं तिकडे केलं, कपाट तिकडचं इकडे आणलं. पुन्हा नाही-नाही. शेवटी तो रडकुंडीला आला. "काका, मला जमतच नाही असं तरी स्पष्ट सांगा," म्हणाला. काकांना त्याची दया आली. आपल्या मानेपायी पोराचा जीव जायचा, म्हणून त्यांनी दिशा बदलली आणि मान खाली-वर करायला घेतली. नकाशा अजून धड बघूनही झाला नव्हता, तेवढ्यात इंजिनिअरने विचारलं, "म्हणजे आता ठीक आहे?" आणि मान आपली खाली-वर, खाली-वर.

तो नकाशा घेऊन असा पळाला की काका हाक मारेपर्यंत नकाशा सुतारांच्या हातात पोचलासुद्धा. काकांना वाईट वाटलं. न बघता सोडलेला हा त्यांचा पहिलाच नकाशा. पण उठून मागे जावं तर टेबल रिकामं दिसणार, म्हणून ते मान हलवत बसून राहिले.

केबिन झाली. साहेब मोठ्या ऐटीत आत जाऊन बसले आणि दिवा गेला. साहेबांनी हात हलवला. काही नाही. उभे राहून दोन्ही हात हलवले. छतात बरोबर डोक्यावर पांढरं गोल बटण होतं, त्याच्याकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग खुर्चीवर चढून त्याला टाटा केला. बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं, साहेब व्यायाम करतात. आठवडाभर हा प्रकार चालला. मोबाइलवर केबिनचा चौकोन राखाडी तो राखाडीच. शेवटी मुख्य ऑफिसातून सूचना आली की ही जागा कोणी वापरत नाही, उद्या सकाळी ती काढून टाकू.

साहेबांनी फोन लावला. "अहो, मी वापरतो ना. मी आत्ता इथूनच बोलतोय."

"कुठून?"

"त्याच केबिनमधून."

"तिथे कोणी नाहीये, सर," पलीकडची बाई समजावणीच्या सुरात म्हणाली.

साहेबांनी वायरमनला आणि सुताराला बोलावलं. वायरमन म्हणाला, डोळा ठणठणीत आहे. सुतार म्हणाला, नकाशात दाखवलं तसंच केलंय. बदल हवा असेल तर नकाशात काय चुकलं ते काकांकडून शोधून आणा, नाहीतर मी खिळासुद्धा उपटणार नाही. साहेब नकाशाची गुंडाळी घेऊन धावत काकांच्या टेबलाशी आले.

"काका, काहीही करा, पण एवढं बघा. माझी दोन्ही पोरं अजून शिकतायत."

"बघतो की," काका मान खाली-वर करत म्हणाले. "पण हलत हलत मला बघता येत नाही, साहेब. आणि नाही हललो तर दिवा जातो."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या सारल्या, काकांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि छताकडे तोंड करून दोन्ही हात हलवायला लागले. काकांनी कोपरं टेबलावर टेकवली. मान थांबली. कितीतरी दिवसांनी थांबली. दिवा मात्र लखलखत राहिला.

हळूहळू अख्खं ऑफिस डुलायचं सोडून तिकडे बघायला लागलं, तसतसे एकेकाचे दिवे जाऊ लागले. शेवटी एकच टेबल उजळलेलं उरलं. तिथे काका दगडासारखे बसलेले आणि मागे साहेब घामाघूम होऊन हात हलवतायत.

चूक काकांना बसल्या बसल्या दिसली होती. छतात गोल दोन होते. खुर्चीवरचा गोल आगीची सूचना देणारा, त्याच्यापुढे साहेब आठवडाभर नाचत होते. खरा डोळा छतापर्यंत चढलेल्या कपाटाच्या मागे अडकला होता. सांगायला अर्धं मिनिटही पुरलं असतं.

"सापडली का हो, काका?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"अजून नाही," काका डोळे न हलवता म्हणाले. "डावा हात जरा उंच घ्या."