शेट्टीबाईंचा दादा

रोज संध्याकाळी पाच वाजता शेट्टीबाईंच्या खोलीत दोन बायका बोलायच्या. खोलीत राहणाऱ्या मात्र एकट्या शेट्टीबाई.

मधली भिंत मीच बांधलेली. मी गवंडी. भाडेकरूसाठी अर्ध्या विटेची भिंत घातली, पलीकडचा सुस्कारासुद्धा अलीकडे येतो. एक आवाज बाईंचा, दुसरा कुणा म्हातारीचा, खरखरीत. भाषा आपल्याकडची नाय. पाहुणी म्हणावी तर दाराशी चपलांचा जोड एकच. आठ दिवस कळ काढली, मग सरळ जाऊन विचारलं. आडून विचारणं मला जमत नाय.

दोन्ही आवाज त्यांचेच होते. दुसरा त्या गावाकडच्या आईचा काढायच्या. बाई मंगळूरकडच्या, घरातली भाषा तुळू. महाडात ती बोलायला दुसरं माणूस नाय, म्हणून रोज तासभर दोघींचं बोलणं एकटीनंच करायचं. "वापरलं नाही तर गंज धरतो, भाषा," म्हणाल्या. थापी धुऊन ठेवली नाय तर तिचं काय होतं ते मी जाणतो. मला पटलं.

बाई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. आडनाव शेट्टी, त्यामुळे नवीन माणूस हटकून विचारी, हॉटेल कुठं हाय तुमचं? बाई शांतपणे सांगत, इडली मलाही विकतच घ्यावी लागते. मराठी चांगलं शिकल्या होत्या. फक्त दूध 'आली' आणि पाऊस 'थांबलं'.

खोलीत पुस्तकंच पुस्तकं. कसला तरी मोठा प्रबंध चालला होता. मी चौथी शिकलेला, पण एवढं काय वाचतात ते कळल्याशिवाय चैन पडेना. बाईंनी सांगितलं ते असं. अमेरिकेच्या खालच्या अंगाला मेक्सिको आणि तसले देश हायत. तिथली माणसं पोटासाठी वर अमेरिकेत जातात. त्यांच्या लेकी तिथं इंग्रजी शाळा शिकतात. आई बाजारात आपल्या भाषेत मोठ्यानं बोलली की ह्या लाजेनं चार पावलं मागं राहतात. पुढं शहाण्या होतात, तेव्हा ते बोलणं आठवत नाय, मग त्यावर पुस्तकं लिहितात.

मी म्हटलं, यात नवीन काय? आमच्या कापडे गावाची पोरं मुंबईला गेली, मे महिन्यात येऊन आजीशी हिंदी झाडतात. आजी विचारते, ह्यो कुणाचा रे?

"तेच तर," म्हणत बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. 'तेच तर' हे त्यांचं कायमचं. मग पेन तसंच धरून विचारलं, सरूबाई माहेरी कसं बोलायच्या?

सरू माझी बायको. घाटावरची. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नवी नवरी म्हणून कापड्यात आली तेव्हा पाणवठ्यावर बाया तिच्या बोलण्याला हसायच्या. दोन महिन्यांत ती आमच्यासारखी बोलू लागली. बाई म्हणाल्या, तिच्या माहेरचा एखादा शब्द सांगा. मला एक सांगता येईना. चाळीस वर्षं संसार केला आणि एवढं कधी विचारलं नाय.

आता दादाचं सांगतो. आळी मला आजोबा म्हणते. बाई मात्र मी काही बोललो की "दादा?" म्हणायच्या, गोड आवाजात. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, दिवसाआड दाढी करायला लागलो. एकदा म्हटलं, बाई, तुम्ही दादा म्हणता, सख्खी बहीण असल्यासारखं वाटतं.

"दादा?" बाई म्हणाल्या आणि मग हसत हसत उंबऱ्यावरच बसल्या. तुळूत दादा म्हणजे 'काय'. माझं भरभर बोलणं त्यांना कळत नव्हतं. वर्षभर त्या मला बहीण होऊन हाक मारत नव्हत्या, काय म्हणालात, एवढंच विचारत होत्या.

दर रविवारी त्या नाक्यावरच्या बूथवरून आईला फोन करायच्या. एका रविवारी परतल्या त्या तोंड उतरवून. बोलण्याच्या ओघात आईला आमच्यासारखं "थांब गो" म्हणून गेल्या होत्या. आईनं विचारलं, कोण बोलतंय? त्या आठवड्यात भिंतीपलीकडे तासाचे दोन तास झाले.

पुढच्या वर्षी आई गेली. बाई गावाहून परत आल्या, कॉलेजात जाऊ लागल्या, दूध 'आली' म्हणू लागल्या. पण पाच वाजता भिंत गप्प. एक दिवस, दोन दिवस. सरू गेल्यावर माझ्या घरात असाच गप्पपणा होता. तिसऱ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. सांत्वनाचं बोलणं मला येत नाय. त्यांच्या भाषेतला एक शब्द येत होता, तो बोललो.

"दादा?"

बाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "माझा आवाज बोलून होतो. मग आईचा आवाज काढायला जाते, तो निघत नाही."

आणि मग तुळूत सुरू झाल्या. चहा गार झाला. मला काही कळलं नाय. त्या थांबल्या की मी "दादा?" म्हणायचो, की परत सुरू.

आता रोज पाचला मी भिंतीच्या अलीकडे पाट टाकून बसतो. पलीकडे बाई त्यांच्या वाटणीचं बोलतात आणि आईपुरती जागा सोडतात. तिथं मी बोलतो. शब्द एकच हाय, पण तासभर पुरतो.